योशिनोचं मिकुमारी देऊळ: बाळ आणि सासूबाईंना घेऊन जावं का?

सातारकरीण
आम्ही ओसाकात राहतो. लेक सात महिन्यांची आहे. ऑक्टोबरअखेर सासूबाई येताहेत आणि नातीला कुठल्यातरी देवाच्या पायावर घालायचंच, असा त्यांचा हट्ट आहे. शेजारच्या जपानी आजींनी योशिनोच्या डोंगरावरचं मिकुमारी जिंजा, म्हणजे शिंतो धर्माचं देऊळ, सुचवलं. मुलांची राखण करणारं देवस्थान आहे आणि शांत आहे म्हणाल्या. परक्यांनी गेलेलं चालतं का? बाबागाडी जाईल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, चढ झेपेल? आणि हसू नका, पण त्या विचारताहेत की जावळ तिथे काढता येईल का.

डोंगरवाट
जावळाचं आधी सांगते. नाही! नारळ फोडणं, हळदकुंकू वाहणं, उदबत्ती लावणं हेही नाही. बाकी बिनधास्त जा. तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. टाक्याच्या पाण्याने हात धुवायचे, तोंड खळखळवायचं, पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. सासूबाईंना हे दोन मिनिटांत जमेल.

मी बरीच वर्षं नारा भागात राहते आणि भारतातून कोणी लहान मूल घेऊन आलं की याच देवळात नेते. चेरी फुलते तेव्हा मात्र चुकूनही नाही. त्या दिवसांत योशिनोला माणसांच्या पाठी बघायला मिळतात. तुमचा ऑक्टोबर उत्तम.

ओसाकातल्या आबेनोबाशी स्टेशनवरून किन्तेत्सु रेल्वेची जलद गाडी सव्वा तासात योशिनोला पोचते. तिथून पायी जायचा विचारही करू नका, चढ अंगावर येतो. डोंगराच्या वरच्या भागात, ओकुसेनबोनपर्यंत, छोटी बस जाते. ती पकडायची, वर उतरायचं आणि देवळापर्यंत उताराने चालत यायचं. बस रोज नसते, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. उतारही गुडघ्यांना लागतोच, काठी असू द्या. बाबागाडी घरी ठेवा. दरवाजाखाली उभ्या दगडी पायऱ्या आहेत, बाळाला पोटाशी बांधा. आणि चारच्या आत पोचा.

आत गेलात की चौक लागतो. एका बाजूला पूजेची ओसरी, समोरासमोर मुख्य देऊळ, मधे लोंबत्या फांद्यांचं चेरीचं झाड. मुख्य देऊळ म्हणजे तीन गाभारे झाडाच्या सालीच्या एकाच छपराखाली जोडलेले. लाकडावरचे रंग उडालेत, आणि मला ते तसेच आवडतात. ओसरीवर टेकायचं आणि बघत बसायचं. कित्येकदा चौकात आमच्याशिवाय कोणीच नसतं.

मूळ देव पाणी वाटून देणारा, डोंगरातले ओढे खालच्या शेतांना पुरवणारा. बोलता बोलता मिकुमारीचं ‘कोमोरी’ झालं, म्हणजे मुलं सांभाळणं, आणि देवाला तेही काम लागलं. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने इथे मूल मागितलं आणि १५९३ मध्ये हिदेयोरी झाला, असं सांगतात. आत्ताची इमारत त्याच हिदेयोरीने १६०५ च्या सुमारास बांधून घेतली.

पण सासूबाईंना दुसरी गोष्ट सांगा. मात्सुसाकाच्या एका कापूस व्यापाऱ्याने इथे मुलासाठी नवस केला: मुलगा झाला तर तेराव्या वर्षी त्याला स्वतः दर्शनाला आणीन. १७३० मध्ये मुलगा झाला. तो अकराव्या वर्षात असताना बाप गेला. आई नवस विसरली नाही, तेरावं लागल्यावर १७४२ मध्ये पोराला इथे पाठवून नवस फेडला. तो मुलगा म्हणजे मोतोओरी नोरिनागा, जपानी विद्येचा एवढा मोठा पंडित. त्रेचाळिसाव्या वर्षी, १७७२ मध्ये, तो पुन्हा आला आणि त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली. सगळे हिदेयोशीचं कौतुक करतात. मला त्या आईचं वाटतं.

लेणीवेडा
टोक्योला जाणं झालं तर झोशिगायाचं किशिमोजिनही बघा. १६६४ चं देऊळ, मुलांचीच देवी. ही आपली हारिती! दुसऱ्यांची मुलं खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचंच धाकटं लपवल्यावर तिला आईपण कळलं आणि ती मुलांची राखणदार झाली. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात उजवीकडच्या छोट्या गाभाऱ्यात ती नवऱ्यासोबत, पांचिकासोबत, बसली आहे. खालच्या पट्टीत छडीवाले गुरुजी आणि त्यांची मुलं कोरलीत, ती चुकवू नका.

डोंगरवाट
लेणीवेडा, माहिती छान, पण ते बौद्ध देऊळ झालं, तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणि ओसाकाच्या माणसाला टोक्योला कुठे धाडता!

सातारकरीण, एक राहिलं. इथे बाळाला पहिल्यांदा देवाला नेतात ते साधारण महिन्याचं झाल्यावर, आणि रीतीप्रमाणे बाळ बापाच्या आईच्या हातात असतं. तुमची सात महिन्यांची असली तरी बिघडत नाही. पुजाऱ्याकडून प्रार्थना करून हवी असेल तर आधी फोन करा, छोटं देऊळ आहे. अशा प्रार्थनेला बहुतेक ठिकाणी ५,००० येनांच्या पुढे देतात. नुसतं दर्शन फुकट.

सातारकरीण
बाळ आजीच्या हातात, हे ऐकून सासूबाई जावळ विसरल्या. आता इथे कोणती साडी नेसायची यावर चर्चा चालू आहे. नवसाची गोष्ट वाचून दाखवली तर म्हणाल्या, “तेरा वर्षांचं पोर, एकट्याला कसं पाठवलं तिने?”

डोंगरवाट
सोबत नोकरमाणसं दिली होती, सांगा त्यांना. आणि साडी कुठलीही चालेल, पायांत मात्र बूट हवेत. चपलांनी त्या पायऱ्या नकोत.