मॅरेथॉनला तुमचा नंबर कसा लागला?

दर डिसेंबरात मला हमखास फोन येतो, "दादा, मुंबईला पळायचंय, एखादा बिब बघ ना." बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, तो मिळाला की शर्यतीत जागा पक्की. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, आणि नोंदणी पावसाळ्यातच उघडून कधीची भरलेली असते. इतक्या हौसेने विचारणाऱ्याला नाही म्हणताना मला खरंच वाईट वाटतं. पळायचं कसं हे सांगणारे ग्रुप गल्लोगल्ली आहेत, पण जागा मिळवायची कशी हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मुंबई असो नाहीतर परदेश, तुमचा नंबर कसा लागला किंवा का लागला नाही, ते सविस्तर लिहा.

माझं थोडक्यात सांगतो. २०१८ पासून मुंबईला फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन पळतोय. अर्ज उघडायच्या आदल्या रात्री ओळखपत्राचा स्वच्छ फोटो आणि टायमिंगचं सर्टिफिकेट (आधीची शर्यत किती वेळात पळालो त्याचा दाखला) फोनमध्ये एका जागी ठेवतो आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आत अर्ज भरून मोकळा होतो. सर्टिफिकेट शक्यतो त्याच वर्षातल्या चांगल्या शर्यतीचं द्या. सुरुवातीला कुठल्या गटात उभं करतात तेही त्यावर ठरतं, आणि पहिले पाच किलोमीटर माणसं चुकवत पळण्यात दम जातो.

डोंबिवलीहून

दादा, सर्टिफिकेटचा विषय काढलात म्हणून लिहिते. बायकांनी हे नक्की वाचा. मी पहिली हाफ (२१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन) पुण्यात पळाले ती लग्नाआधी, माहेरच्या नावाने. टायमिंग छान होतं. मुंबईचा अर्ज भरला तेव्हा आधारवर सासरचं नाव आलेलं. दोन्ही नावं जुळेनात, अर्ज अडकला. मग लग्नाचा दाखला शोधा, स्कॅन करा, मेल करा, उत्तराची वाट बघा. या सगळ्यात आठ दिवस गेले आणि तोवर हाफच्या जागा संपल्या. मुलीला शाळेत सोडून येताना स्टेशनच्या पुलावर तो मेल वाचला आणि तिथेच कठड्याला टेकून रडले. रोज पहाटे साडेचारला उठून केलेला सराव होता तो.

पुढच्या वर्षी आधारवर आहे तसंच नाव, अगदी त्याच स्पेलिंगने, प्रत्येक छोट्या शर्यतीला लिहिलं. पावसाळ्याआधीच एक हाफ पळून नवीन सर्टिफिकेट हातात ठेवलं. नंबर लागला.

नाशिकहून

मी चॅरिटी बिबवर पळालो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शर्यतीशी बऱ्याच सामाजिक संस्था जोडलेल्या असतात. त्यांच्यापैकी एकीसाठी ठरलेली देणगी उभी केली की त्यांच्या वाट्याची एक जागा तुम्हाला मिळते. मुंबईत हे काम युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं.

मला वाटलं होतं, शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला की झालं. दोन आठवड्यांत तीन जणांनी पैसे दिले. मग वही केली. रोज संध्याकाळी पाच फोन, आणि फोनवर आधी संस्थेबद्दल बोलायचं, माझ्या पळण्याबद्दल नंतर. विशेष मुलांची शाळा होती ती. मी स्वतः तिथे दोन शनिवार जाऊन बसलो, त्यानंतर माझं बोलणंच बदललं. आईच्या भजनी मंडळाने भिशीतून पाच हजार दिले. सगळ्यात वेळखाऊ काम पावत्यांचं. करसवलतीची ८०जी ची पावती हवी तर प्रत्येकाचा पॅन लागतो, आणि काकालोक पॅन नंबर फोनवर सांगताना दोनदा चुकतात. पैसे घेतानाच पॅन आणि पूर्ण नाव लिहून घ्या. ज्या कामावर मनापासून विश्वास नाही, त्यासाठी केवळ बिब मिळतो म्हणून हात पसरू नका. लोकांना ते कळतं.

ठाण्याहून

हे लिहायला मला चार वर्षं लागली.

मित्राचा घोटा मुरगळला, त्याची हाफची एंट्री वाया जाणार होती. "तू पळ," म्हणाला. बिब दुसऱ्याला देता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी पळालो. आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. पेडर रोडचा चढ संपता संपता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. मदतीला आलेल्यांनी बिब उलटा केला. मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला असतो, तो मित्राचा आणि त्याच्या बायकोचा. ती कोल्हापूरला माहेरी होती. "तुमचे मिस्टर कोसळलेत" एवढं तिला कळलं आणि इकडे मित्र घरी पाय वर करून झोपलेला, फोन सायलेंटवर. अर्धा तास त्या बाईने काय सोसलं ते मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं. रक्तगट तिथे लिहिलेला बी पॉझिटिव्ह, माझा ओ निगेटिव्ह. रक्त द्यायची वेळ आली नाही एवढंच.

जागा मिळाली नाही तर त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून पळणाऱ्यांना संत्री द्या, पण दुसऱ्याच्या बिबवर पळू नका.

न्यू जर्सीहून

न्यूयॉर्कच्या सोडतीत माझा नंबर चार वर्षं लागला नाही. मग क्लबातल्या एका मावशींनी नाइन प्लस वनचा रस्ता दाखवला. न्यूयॉर्क रोड रनर्स, म्हणजे ही शर्यत भरवणारी संस्था, तिचं सभासद व्हायचं, वर्षभरात त्यांच्या ठरलेल्या शर्यतींपैकी नऊ पळायच्या आणि एका शर्यतीत स्वयंसेवक म्हणून काम करायचं. मग पुढल्या वर्षी जागा नक्की, फी मात्र वेगळी भरावी लागते. ज्याला तिथवर पोचता येतं त्याच्यासाठी मला हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग वाटतो.

एडिसनहून पहाटेची गाडी, दोन्ही पोरं झोपलेली, बर्फातून सेंट्रल पार्क. ऐन थंडीत पाण्याच्या टेबलावर तीन तास पेले भरून धरले, हातमोजे भिजून बोटं बधिर झाली. नोव्हेंबरात स्टेटन आयलंडहून सुटलो. पुढे प्रत्येक टेबलाजवळ पेला घेताना देणाऱ्याच्या हाताकडे लक्ष जायचं.

लंडनहून

इथली सोडत म्हणजे म्हाडाच्या सोडतीहून अवघड! २०२६ च्या शर्यतीसाठी अकरा लाखांहून जास्त अर्ज होते, आणि २०२५ ला शर्यत पूर्ण केली ती साधारण छप्पन्न-सत्तावन्न हजार जणांनी. मी सहा वर्षं अर्ज भरला, सहा वेळा नकार आला. ते नकाराचे मेल मात्र जपून ठेवा! इथे अॅथलेटिक्स संघटनेशी संलग्न क्लबांना सभासदसंख्येप्रमाणे थोड्या जागा मिळतात. आमच्या क्लबात त्यांची चिठ्ठी डिसेंबरच्या जेवणाच्या वेळी काढतात, आणि टोपीत नाव घालायचं तर मुख्य सोडतीचा नकार दाखवावा लागतो, शिवाय वर्षात क्लबच्या एका शर्यतीत काम केलेलं असावं लागतं. चौदा नावं, दोन जागा. माझं नाव वाचणाऱ्याला उच्चारता येईना, तेव्हाच कळलं की आपला नंबर लागला.

चॅरिटीची वाट इथेही आहे, पण बहुतेक संस्था दोन हजार पौंडांच्या आसपास मागतात. हातात नोकरी आणि वेळ किती, ते बघून ठरवा.

पुण्याहून

बॉस्टनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तिथली बहुतेक दारं टायमिंगनेच उघडतात, आणि नुसती पात्रतेची वेळ गाठून भागत नाही, हे मला महागात पडून कळलं.

२०२५ च्या शर्यतीसाठी माझ्या ४५ ते ४९ वयोगटातल्या बायकांची पात्रतेची वेळ होती ३ तास ५० मिनिटं. जानेवारी २०२४ ला मुंबईत ३:४८ लावले. घरात पेढे वाटले, अर्ज भरला. नकार आला. अर्ज जागांपेक्षा जास्त झाले की जो जितका वेगवान त्याला आधी घेतात, आणि त्या वर्षी पात्रतेच्या वेळेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद कमी लागलेल्यांपर्यंतच जागा पुरल्या. मी दोनच मिनिटं आत होते.

पुढच्या वर्षासाठी वेळा पाच मिनिटांनी कडक झाल्या. पण तिथे वय शर्यतीच्या दिवशीचं धरतात, आणि एप्रिल २०२६ पर्यंत मला पन्नास पूर्ण होणार होती. पन्नाशीच्या गटाची नवी वेळ तीच, ३:५०. वर्षभर दर गुरुवारी सकाळी तळजाईला चढ मारले, शनिवारी लाँग रन, रात्री साडेनऊला झोप. जानेवारी २०२५ ला मुंबईत ३:४४ लागले. हातात सहा मिनिटं. सप्टेंबरात निकाल आला, त्या वर्षीची रेघ ४ मिनिटं ३४ सेकंदांवर थांबली होती.

मेल आला तेव्हा मी कणीक मळत होते. मुलाने फोन समोर धरून वाचून दाखवला. "पुन्हा वाच," म्हटलं. त्याने तीनदा वाचला.