ग्रँड सेराय: याला जीर्णोद्धार म्हणायचं?

चुनखडी:
काल इथल्याच एका लेखात बैरूतच्या ग्रँड सेरायचं, म्हणजे लेबननच्या पंतप्रधानांच्या कचेरीचं, कौतुक वाचलं. "जीर्णोद्धार असावा तर असा, अगदी जसंच्या तसं!" राहवलं नाही म्हणून हा धागा. जसंच्या तसं कुठलं हो? 1850च्या दशकात ऑटोमन लष्करानं टेकडीवर बराक बांधली, यादवी युद्धात तिची पार रया गेली, आणि पंतप्रधान रफीक हरीरींनी 1998 मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा वर आख्खा मजला जास्तीचा! दगड जुना दिसतो, कौलं लाल आहेत, झाला वारसा. याला वाढीव बांधकाम म्हणतात. आपल्याकडे नगरपालिका नोटीस पाठवते.

बंदररोड:
पाठवते? कुठली नगरपालिका? असो. तुमचं ते 'जसंच्या तसं' नेमकं कोणत्या सालचं? तुर्की बराक, फ्रेंच हायकमिशनरची कचेरी, की स्वातंत्र्यानंतरचं सरकारी कार्यालय? सरकारला बसायला जागा हवी होती, संग्रहालय नव्हे. डिसेंबर 2006 मध्ये विरोधकांनी खाली तंबू ठोकले, ते उठले मे 2008 मध्ये. तेवढा काळ पंतप्रधान सिन्योरांचं सरकार याच इमारतीत तग धरून होतं.

चुनखडी:
मुक्कामाची सोय झाली म्हणजे जीर्णोद्धार बरोबर? मग लॉजच काढा की.

तिसरी_घंटा:
मजल्यावरून काय भांडताय? खरा घोळ टेकडीखाली आहे. 1994 मध्ये शहराचा मध्यभाग पुन्हा बांधायला सोलिदेर ही खासगी कंपनी निघाली, मध्य बैरूतमधल्या मालकांच्या आणि भाडेकरूंच्या जागा गेल्या, हातात टेकवले शेअर. पंतप्रधान हरीरी, कंपनीतले बडे भागधारकही हरीरीच. सेंट जॉर्ज हॉटेलवाल्यानं इमारतीवर "सोलिदेर थांबवा" असा भलामोठा फलक लावला. (2005 मध्ये हरीरींचा खून झाला तोही त्याच हॉटेलसमोर.) आमच्या पुण्यातल्या वाड्याचं हेच झालं. बिल्डरनं गोड बोलून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आजी भाड्याच्या खोलीत गेली आणि ताबा मिळायच्या आधीच वारली. पुनर्निर्माण हा शब्द ऐकला की डोकं फिरतं.

बंदररोड:
आजींचं वाईट वाटलं, पण तो बिल्डर हरीरी नव्हता. मध्य बैरूत बेचिराख झालं होतं. एकेका जागेला ढीगभर वारस, त्यातले कितीतरी परदेशात, वर भाडेकरू, वर युद्धात येऊन राहिलेली विस्थापित कुटुंबं. कुणाकुणाच्या दारात जायचं?

तिसरी_घंटा:
हेच! आमच्या बैठकीत शब्दशः हेच ऐकलंय. तुम्ही बिल्डर आहात का?

बंदररोड:
शाळेत शिकवतो. बिल्डर असतो तर रात्री एक वाजता तुमच्याशी वाद घालत बसलो असतो?

उंबरठा:
सोलिदेरला शिव्या जरूर घाला. पण बैरूतच्याच हुतात्मा चौकातलं पेटिट (म्हणजे छोटं) सेराय, 1880च्या दशकातलं, ते 1950 मध्ये पाडलं. तेव्हा ना यादवी होती ना सोलिदेर. स्वतंत्र लेबननमध्ये, धडधाकट इमारत! त्यावर कुणी धागा काढत नाही. मोठं सेराय वाढीव मजल्यासकट उभं तरी आहे. ऑगस्ट 2020च्या स्फोटाचा तडाखा बसला, तरी भिंती टिकल्या.

चुनखडी:
बरं बाबा, उभं आहे, मान्य. पाडण्यापेक्षा चढवलेलं बरं, हेही मान्य करतो, तेवढंच राहिलं होतं. मग दारावर पाटी लावा: "खालचं ऑटोमन, वरचं हरीरी."

तिसरी_घंटा:
आणि शेअरचं काय? त्यावर सगळे गप्प.