मदत हवी आहे: मोठं कार्ड वाकलंय, शनिवारच्या आत सरळ व्हायला हवं

परळची_आत्या
मंडळी, घाईत आहे. भाच्याचं मोठं कार्ड वाकलंय. थोडंथोडकं नाही, भाजलेल्या पापडासारखं. शनिवारी त्याचा वाढदिवस आणि मी ते फ्रेम करून द्यायचं कबूल करून बसलेय. पुस्तकांखाली दाबा हा उपाय कृपया सांगू नका, झालाय करून. काढलं की तासाभरात पुन्हा तेच. उद्या संध्याकाळी फ्रेमवाल्याकडे जायचंय, त्याआधी सांगा.

बोरिवली_फास्ट
कसलं कार्ड? आधार? रेशन?

परळची_आत्या
पोकेमॉनचं हो. खोक्यात येतं ते मोठं. लहान मुलं असलेल्या घरात सगळ्यांना माहीत असतं.

कमांडर_कुर्ला
'मोठं' एवढ्यावरून काही कळत नाही, ताई. पोकेमॉनचं जम्बो साधारण पावणेसहा बाय आठ इंच, म्हणजे ए-५ कागदाहून किंचित लहान. मॅजिक हा दुसरा कार्डांचा खेळ, त्याचं मोठं, म्हणजे ओव्हरसाइझ, साडेतीन बाय पाच. दोन्हीकडची खेळायची कार्डं मात्र ६३ बाय ८८ मिलिमीटरची. आता सांगा:
चमकतं का? कुठे ठेवलं होतं? आणि मुख्य म्हणजे वाकलंय कुठल्या बाजूला?

(२०११ मध्ये मॅजिकचे पहिले कमांडर डेक, म्हणजे एका म्होरक्या कार्डाभोवती रचलेले तयार संच आले, प्रत्येक खोक्यात तीन ओव्हरसाइझ फॉइल, म्हणजे चमकती कार्डं. माझी पहिल्याच पावसाळ्यात कमानी झाली. पुढे कंपनीने ती मोठी कार्डं सोडून नेहमीच्याच मापाची जाड कार्डं द्यायला सुरुवात केली. मला तरी बरं वाटलं.)

गिरगावची_सुगरण
उलटं ठेवायचं, वर मलमलचं कापड, इस्त्री सिल्कवर, दहा सेकंद. मुलीचं चित्रकलेचं प्रमाणपत्र मी असंच सरळ केलं. एकदम कडक झालं.

कमांडर_कुर्ला
नको नको नको. प्रमाणपत्र नुसता कागद असतो. या कार्डावर चमकीचा थर चिकटवलेला असतो, गरम झाला की फुगे येतात आणि ते आयुष्यात जात नाहीत. आत्या, इस्त्रीला हात लावू नका.

गिरगावची_सुगरण
मी दहा सेकंद म्हटलंय, भाकरी भाजायला नाही सांगितलं.

निवृत्त_तिकीटवाला
मी पोस्टाची तिकिटं जमवतो. जीपीओच्या फिलाटेलिक ब्यूरोत ज्यांची ऊठबस आहे त्यांना विचारा, मुंबईत संग्रह सांभाळणं म्हणजे दमट हवेशी भांडण. गुंडाळी झालेलं तिकीट सरळ करायचं तर बंद डब्यात ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर तिकीट. कागद नरम पडला की टिपकागदात घालून दाबायचं. हमखास.

मास्तर_माटुंगा
काका, तुमच्या तिकिटाला बरोबर आहे. इथे उलटा परिणाम होईल. आत्यांनी दिशा सांगितली की बोलतो.

निवृत्त_तिकीटवाला
कागद तो कागदच.

हुतूतू
आत्या, ते जम्बो कार्ड स्पर्धेत चालत नाही हे माहीत आहे ना? डेकमध्ये घालता येत नाही, पिसणार कसं? बहुतेक खोक्यांत त्याच चित्राचं नेहमीच्या मापाचं प्रोमो, म्हणजे खास भेटीचं कार्डही असतं, खेळायला ते. आणि विकायचा विचार असेल तर सोडा, जम्बोला सहसा फारसा भाव येत नाही.

परळची_आत्या
कुणी विचारलं? विकायचं नाही, खेळायचं नाही. भिंतीवर लावायचंय.

कमांडर_कुर्ला
हुतूतू, 'मोठी कार्डं खेळात चालत नाहीत' हे सरसकट नाही बरं. मॅजिकचेच खेळप्रकार बघा: प्लेनचेज २००९ चं, आर्चएनमी २०१० चं, दोन्हींत मोठी कार्डं प्रत्यक्ष खेळायचीच असतात. १९९७ च्या व्हॅनगार्डमध्येही होती. घरी खेळताना कमांडरच्या जागी मोठं कार्ड मांडलं तरी कोणी काही म्हणत नाही.

हुतूतू
पोकेमॉनबद्दल चाललंय ना? मग मॅजिक कशाला?

बोरिवली_फास्ट
आत्या, दिशा सांगा हो. सगळे त्यावर अडून बसलेत.

परळची_आत्या
चमकतं. चित्राची बाजू आत गेलीय, कडा पुढे आल्यात. खिडकीशेजारच्या भिंतीला टेकून शोकेसवर उभं होतं. त्या भिंतीला ओल येते, पण कार्ड काही भिजलं नव्हतं.

मास्तर_माटुंगा
झालं, आता कळलं.

भिजावं लागत नाही. कार्डाचा मागचा भाग कागदी लगद्याचा, पुढे फॉइलचा थर. कागद हवेतला ओलावा ओढून ताणतो, फॉइल ओढत नाही. मागचा पसरला, पुढचा तेवढाच राहिला, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला मिटतं. दिवसभर एसीत राहिलेल्या कार्डाचं उलटं होतं, चित्र बाहेर फुगतं. म्हणून दिशा विचारत होतो. काकांचा स्पंजाचा डबा त्या एसीवाल्या कार्डाला चालेल, तुमच्या कार्डाला लावला तर नळी होईल.

नुसतं दाबून उपयोग का झाला नाही तेही यातच आलं. पाणी कागदातच राहिलं, वजन काढलं की कागद पुन्हा ताणला. आधी सुकवायचं, मग दाबायचं, आणि दाबतानाही सुक्या हवेतच ठेवायचं.

असं करा. रबराची कड असलेला, झाकण घट्ट बसणारा मोठा प्लास्टिकचा डबा. तळाला सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत, कार्डाला टेकू नये. कार्ड आडवं, दोन्ही बाजूंना हवा लागेल असं जाळीवर. आत छोटा आर्द्रतामापक. काटा पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास आणायचा, वीसवर नाही, नाहीतर कार्ड दुसरीकडे वळेल. कार्ड सैल पडलं की ॲक्रिलिकच्या दोन सपाट पट्ट्यांत घालून, वर वजन ठेवून त्याच डब्यात. चमकत्या बाजूला गुळगुळीत कोरा कागद, टिपकागद नाही, त्याची जाळी उमटते.

परळची_आत्या
सिलिका जेल म्हणजे बुटांच्या खोक्यात असतं ते? घरी चार पुड्या आहेत.

मास्तर_माटुंगा
तेच, पण त्या पुड्या बहुधा मेलेल्या असतील, उघड्यावर राहिल्या की हवेतला ओलावा पिऊन भरतात. निळे दाणे घ्या, ओले झाले की गुलाबी होतात, म्हणजे कळतं. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे सुटे मिळतात. मापक लॅमिंग्टन रोडला. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा दाणे मुलांच्या हाती देऊ नका.

परळची_आत्या
मी ऑफिसातून साडेसातला सुटते. प्रिन्सेस स्ट्रीट काय उघडं ठेवणार माझ्यासाठी?

वसईचा_वाऱ्या
तांदळाच्या डब्यात पुरा. मोबाइल भिजला की करतो ना.

फ्रीजवाला_बंड्या
फ्रीज! फ्रीजमधली हवा कोरडी असते. रात्रभर ठेवा.

मास्तर_माटुंगा
तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही आणि त्याची पांढरी भुकटी फॉइलवर ओरखडे काढते. फ्रीजमधून थंड कार्ड जुलैच्या हवेत काढलं की त्यावर दव धरणार. दोन्ही नको.

आत्या, घरात एसी असेल तर बेडरूम बंद करून ड्राय मोडवर रात्रभर. कार्ड हवेत आडवं, झोताखाली नाही. सकाळी बघा. डब्याइतकं नेमकं नाही, पण तुमच्या वेळेत हेच बसेल.

गिरगावची_सुगरण
एवढा उपद्व्याप? इस्त्रीला दहा सेकंद लागले असते.

बोरिवली_फास्ट
सुगरणताई, तुम्ही आधी तुमच्या एखाद्या चमकत्या कार्डावर करून फोटो टाका.

गिरगावची_सुगरण
आमच्या घरात पत्त्यांचा जोड आहे, तो चमकत नाही.

शिवाजीपार्क_१९९०
अवांतर: २००३-०४ च्या सुमारास चिप्सच्या पाकिटात पोकेमॉनचे टॅझो, त्या चित्रांच्या गोल चकत्या यायच्या, आठवतात का? कुणाकडे आहेत? माझे आईने रद्दीत घातले. ते प्लास्टिकचे होते, पावसाळ्यात ढिम्म वाकायचे नाहीत.

कमांडर_कुर्ला
टॅझोचा वेगळा धागा काढा.

चौकट_चिंचपोकळी
माझं फ्रेमिंगचं दुकान आहे म्हणून बोलतो. कार्ड काचेला थेट टेकवून कधी लावू नका. दमट दिवसांत फॉइल काचेला धरतं, सोडवताना चित्र निघून येतं. कडेने माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेमचा जाड पुठ्ठा कापून घ्या, काच आणि कार्डात फट राहिली पाहिजे. मागे चिकटपट्टी नको, कोपऱ्यांना कागदी खाचा. आणि खरं सांगू? या महिन्यात फ्रेम बंदच करू नका. आत्ताची ओली हवा आत कोंडून ठेवाल. मी माझं गिऱ्हाईक घालवतोय, पण दिवाळीनंतर या.

परळची_आत्या
वाढदिवस शनिवारी आहे. दिवाळीत काय देऊ त्याला?

चौकट_चिंचपोकळी
शनिवारी दोन ॲक्रिलिकमध्ये स्क्रूने आवळलेलं द्या, टेबलावर उभं राहतं. मध्ये माउंटची कड घाला. नेहमीच्या कार्डांची छोटी कव्हरं याला बसत नाहीत हे लक्षात ठेवा. कव्हर घ्यायचंच तर ए-५ मापाचं, पॉलिप्रॉपिलीनचं. पीव्हीसीचं नको, काही वर्षांनी चिकट होतं.

निवृत्त_तिकीटवाला
हे पीव्हीसीचं शंभर टक्के खरं. माझी काही प्रथमदिवस पाकिटं (नवं तिकीट निघाल्या दिवसाच्या शिक्क्याची) त्यात गेली. बाकी स्पंजाबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे.

परळची_आत्या
रात्री एसी ड्रायवर ठेवला. नवरा कुडकुडला. सकाळी कार्ड बरंच उतरलंय, उजव्या कोपऱ्याला अजून उठाव आहे. ऑफिसच्या कपाटावर काचेचा एक तुकडा पडलाय, त्याखाली एसीतच दाबून ठेवलंय. ॲक्रिलिक लालबागला मिळेल का? मिळत असेल तर दुकान कुठल्या बाजूला तेवढंच सांगा, बाकी काही नको.

हुतूतू
कार्डाचं नाव अजून सांगितलं नाहीत. तो आग ओकणारा चारिझार्ड आहे का?

शिवाजीपार्क_१९९०
टॅझोचा धागा काढलाय. आत्या, तुमच्या भाच्याकडे असतील तर बघा.

चौकट_चिंचपोकळी
आत्या, नावाच्या पाट्या करणाऱ्या कुठल्याही दुकानात विचारा, ते ॲक्रिलिक कापूनही देतात. कार्डापेक्षा चारी बाजूंना इंचभर मोठं कापायला सांगा, स्क्रूची भोकं कार्डाच्या बाहेर यायला हवीत.