उंदरातली गाठ जाते, मग तेच औषध माणसात का फसतं?

कुतूहल:
अमक्या रसायनाने कॅन्सरच्या पेशी मेल्या, उंदरातली गाठ गेली, अशा बातम्या सारख्या येतात आणि पुढे त्या औषधाचं काय होतं कुणालाच माहीत नसतं. लॅबमध्ये नेमकं तपासतात तरी काय? बायोलॉजी शाळेतच सुटली, जरा सोपं सांगा.

पिपेटवाली:
प्लेटमधल्या पेशी मारणं सगळ्यात सोपं, ब्लीच टाकलं तरी मरतात! म्हणून किती कमी डोसला वाढ अर्ध्यावर येते आणि कुठल्या पेशी जास्त दबतात हे बघतात. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने 1990 पासून 60 सेल लाइनचं, म्हणजे पेशंटच्या कॅन्सरमधून घेऊन लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींचं, पॅनल चालवलं, त्यात ब्लड कॅन्सर, फुफ्फुस, आतडं, ब्रेस्ट वगैरे नऊ प्रकार, पाच डोस, दोन दिवस. खरी गंमत पॅटर्नमध्ये आहे, म्हणजे कुठल्या लाइन दबल्या नि कुठल्या नाही हे जुन्या औषधांशी जुळवून बघितलं की नवं रसायन कशावर काम करतंय याचा अंदाज येतो. पण या पेशी वर्षानुवर्षं प्लास्टिकवर वाढलेल्या, आजूबाजूला ना रक्तवाहिन्या ना इम्यून सिस्टिम. लेबलवरही डोळे झाकून विश्वास नको, त्याच पॅनलमधली एमडीए-एमबी-435 ब्रेस्ट कॅन्सरची म्हणून वापरत होते, ती मेलानोमाची, म्हणजे एका त्वचेच्या कॅन्सरची, निघाली.

जुना_खडू:
त्याआधी तर सुरुवातच उंदरापासून व्हायची, तेही उंदराच्याच ल्युकेमियापासून, म्हणजे ब्लड कॅन्सरपासून; एल1210 आणि पी388 ही त्या सेल लाइनची नावं. त्यातून निवडलेली औषधं ब्लड कॅन्सरला बरी चालायची, घट्ट गाठींना तेवढी नाही. चाळणी जशी तसा माल. मग माणसाची गाठ उंदरात लावायला लागले, पण त्यासाठी टी-सेल (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या इम्यून पेशी) नसलेला उंदीर लागतो, नाहीतर त्याचं शरीर ती गाठ टिकूच देत नाही. म्हणजे इम्यून सिस्टिमलाच कॅन्सरवर सोडणारी इम्युनोथेरपी तपासायला हे मॉडेल जवळपास बिनकामाचं. शिवाय गाठ कातडीखाली भराभर वाढते, आणि वाढत्या पेशी मारणारं कुठलंही औषध तिथे हिरो दिसतं. पेशंटची गाठ थेट लावली तर जरा बरं, पण तिच्यातल्या माणसाच्या आधारपेशी जाऊन हळूहळू उंदराच्या येतात.

कुतूहल:
मग ऑर्गनॉइड, म्हणजे लॅबमध्ये पेशींपासून वाढवलेले गाठीचे किंवा अवयवाचे छोटे नमुने, घ्या की, उंदीर कशाला?

पिपेटवाली:
घेतात ना. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने प्राण्यांवरच्या चाचणीची सक्तीही काढली. पण औषध लिव्हरने किती मोडलं, रक्तात किती उरलं, हे ऑर्गनॉइड सांगत नाही. आणि माझ्या मते बरीच औषधं इथेच आपटतात, कारण उंदराला झेपलेला डोस माणसाला झेपेलच असं नाही आणि डोस कमी केला की औषध गाठीपर्यंत पुरेसं पोचतच नाही. त्यामुळे बातमीत आधी बघायचं, गाठ आक्रसली की नुसती वाढ मंदावली? मंदावली असेल तर मी तरी पुढे वाचत नाही 😀

जुना_खडू:
सरसकट असं नको हं, काही चांगली औषधं गाठ नुसती थोपवूनच धरतात. मी आधी बघतो की एकाच मॉडेलवर भागवलंय का.