मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड विकायचंय, समोरचा क्यूआर स्कॅन कर म्हणतोय

बोरीकाठ (गुरुवार, रात्री ९:४०)
मंडळी, जरा लवकर सांगा. कार्ड विकायला काढलंय. जाहिरात टाकून ४ दिवस झाले. वीसेक जणांनी "लास्ट किती" विचारलं आणि गायब झाले. आज एकजण १७,००० ला लगेच तयार झाला, घासाघीस अजिबात नाही. म्हणतो, मी फौजेत आहे, देवळालीला पोस्टिंग आहे, सुट्टी मिळत नाही. माणूस पाठवून कार्ड उचलतो, पैसे आत्ताच घ्या. त्याने एक क्यूआर पाठवलाय. तो स्कॅन केला की रक्कम माझ्या खात्यात जमा होईल असं सांगतो. दर १० मिनिटांनी फोन येतोय. करू का स्कॅन? सोमवारी पुण्याला रुजू व्हायचंय, त्याआधी खोलीचं डिपॉझिट भरायचंय. दुसरा सुरक्षित मार्ग असेल तर तोही सांगा.

भुसावळ_जंक्शन
नका करू. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. हा फौजी नाही. फौजेचं नाव घेतलं की माणूस विश्वास ठेवतो, म्हणून ते नाव घेतात.

पांझरा
भाऊ, तू फोन उचलूच नको. पैसा खातामा उनात का मंगच कार्ड हातमा देजो. तोवर नही.

दुरुस्ती_जळगाव
नंबर ब्लॉक करा आणि आता शांतपणे सांगा: कार्ड कोणतं, किती जीबी, बिल आहे का, वॉरंटी शिल्लक आहे का, तुम्ही राहता कुठे?

बोरीकाठ
एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०. अमळनेर. बाकीच्याचा इथे काय संबंध? मला फक्त पैसे कसे घ्यायचे ते हवंय.

दुरुस्ती_जळगाव
संबंध आहे. ३०६० दोन प्रकारचं येतं. २०२१ च्या फेब्रुवारीत आलेलं १२ जीबीचं, १९२ बिटचं (ही मेमरीच्या रस्त्याची रुंदी, म्हणजे बस विड्थ). नंतर २०२२ मध्ये ८ जीबीचं आलं, ते १२८ बिटचं, बरंच हळू. जाहिरातीत नुसतं "३०६०" असेल तर खरा गिऱ्हाईक पुढे सरकत नाही. घासाघीस न करता "हो" म्हणणारा फसवणारा तेवढा उरतो. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवून त्याचा फोटो जाहिरातीत टाका. चिप, मेमरी, बस विड्थ सगळं त्यात दिसतं. बनावट कार्ड असेल तर तेही ते बऱ्याचदा ओळखतं. बाजूला चिठ्ठीवर आजची तारीख लिहून कार्डाचा फोटो काढा. म्हणजे फोटो दुसरीकडून उचललेला नाही हे कळतं.

यूपीआय_अभ्यासक
वरच्या उत्तरात थोडी भर. पूर्वी हे लोक "कलेक्ट रिक्वेस्ट", म्हणजे आपल्याकडे पैसे मागणारी विनंती, पाठवायचे. व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. म्हणून आता सगळा जोर क्यूआरवर. आणखी एक प्रकार ध्यानात ठेवा: "चुकून १७,००० ऐवजी ७०,००० गेले, बाकीचे परत करा" असा फोन येतो आणि सोबत जमा झाल्याचा एसएमएस. तो एसएमएस साध्या १० अंकी मोबाईल नंबरवरून आलेला असतो. स्क्रीनशॉट, एसएमएस, आवाज करणारा स्पीकर, कशावरच विसंबू नका. बँकेचं ॲप स्वतः उघडा, शिल्लक बघा.

केळीबाग_रावेर
विकूच नका. १२ जीबी असेल तर घरच्या घरी एआय मॉडेल चालवायला सोन्यासारखं कार्ड आहे. नंतर आलेल्या ४०६० मध्येही ८ च जीबी दिलेत. मी माझ्याकडच्या ३०६० वर मराठी आवाजाचं लिखाण करणारं मॉडेल चालवतो, मस्त चालतं. दोन वर्षांनी पस्तावाल.

बोरीकाठ
दादा, मला डिपॉझिट भरायचंय, एआय नाही चालवायचं. १२ जीबीच आहे. झोटॅकचं, दोन पंख्यांचं. बॉक्स आहे. बिल नाही.

दुरुस्ती_जळगाव
बिल हरवलं की कधीच नव्हतं?

चाळीसगाव_फाटा
सगळ्यात सोपं सांगतो. जळगावच्या गोलाणी मार्केटला जा, दोन-तीन दुकानांत विचारा, जागेवर पैसे घ्या. दोनेक हजार कमी मिळतील पण डोक्याला ताप नाही. मी प्रोसेसर, रॅम, मॉनिटर सगळं तिथेच दिलंय.

भुसावळ_जंक्शन
दोनेक नाही, जास्त तुटतात. दुकानदारालाही त्यावर कमवायचंय. घाईत असलेला माणूस त्याला लांबूनच ओळखू येतो. थेट विका आणि नोटा मोजून घ्या. यूपीआयच्या भानगडीत पडूच नका.

यूपीआय_अभ्यासक
नोटा खोट्या निघाल्या तर? यूपीआयची नोंद तरी राहते. समोरच्याने एकदा पाठवलेले पैसे तो स्वतःहून मागे घेऊ शकत नाही.

तापीवरचा
इथे मला बोलायलाच हवं, कारण हे माझ्यावर गुदरलंय. गेल्या वर्षी जुना मोबाईल विकला. मुलगा समोर उभा होता. पैसे आले, बँकेच्या ॲपमध्ये दिसले, मोबाईल दिला. तीन आठवड्यांनी तेवढ्या रकमेवर बँकेचा होल्ड, म्हणजे ती काढता येईना. चौकशी केली तेव्हा कळलं की पैसे त्या मुलाने पाठवलेच नव्हते. त्याने परराज्यातल्या एका माणसाला स्कूटर विकतो असं सांगून माझा यूपीआय आयडी दिला होता. त्या बिचाऱ्याने मला पैसे पाठवले, त्याला स्कूटर मिळाली नाही, त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. तक्रारीत खातं माझं. मोबाईल घेऊन तो मुलगा मोकळा. मी बँकेत आणि सायबर पोलिसांकडे हेलपाटे घालतोय. पैसे दिसले म्हणजे झालं, असं समजू नका. पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि समोर उभ्या माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव एकच असलं पाहिजे. नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

यूपीआय_अभ्यासक
हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

भुसावळ_जंक्शन
म्हणूनच रोख म्हणतोय. खोट्या नोटांची भीती असेल तर दोघांनी मिळून पैसे भरायच्या मशीनपाशी जायचं. मशीन नोट तपासूनच घेतं. रक्कम खात्यात दिसली की कार्ड द्यायचं. मी तर बँकेत काऊंटरवर भरायला लावतो.

पांझरा
परवा चौथा शनिवार. बँक बंद. मशीन चालू राही.

बोरीकाठ
एक राहिलं सांगायचं. त्या फौजीला मी आधारचा फोटो पाठवला होता, दोन्ही बाजूंचा. त्याने आधी त्याचं कॅन्टीन कार्ड पाठवलं होतं म्हणून. आता काय?

तापीवरचा
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. तुमचं आधार दाखवून तो आता दुसऱ्या कुणाला "मी अमळनेरचा, माझ्याकडे कार्ड आहे" असं सांगणार. तुम्हाला आलेलं कॅन्टीन कार्डसुद्धा असंच कुणाचं तरी असेल. सायबर क्राईमच्या राष्ट्रीय पोर्टलवर आजच तक्रार नोंदवा, पैसे गेले नसले तरी. चॅट, नंबर, क्यूआर सगळं जोडा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. उद्या कुणी तुमच्या दारात आलं तर तोच कागद कामाला येईल.

यूपीआय_अभ्यासक
आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, ॲपमधून होतं. फोटोचा गैरवापर त्याने थांबत नाही, पण अंगठ्यावर पैसे काढण्याचा धोका टळतो. अडलं तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर फोन करा. इथून पुढे द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात.

गिरणा_डावा_कालवा
कुरियरने पाठवायचा विचार केला का? मी दोन कार्डं पुण्याला पाठवली, काही झालं नाही. अँटिस्टॅटिक पिशवी, मूळ बॉक्स, त्याबाहेर दुसरा बॉक्स, चारी बाजूंनी फोम. पॅक करतानाचा सलग व्हिडिओ, त्यात सिरियल नंबर दिसला पाहिजे.

चाळीसगाव_फाटा
अनोळखी माणसाला कुरियर अजिबात नको. पोहोचल्यावर "डिस्प्ले येत नाही" म्हणाला तर काय करणार? बंद पडलेलं त्याचंच कार्ड परत पाठवेल. वेगळा विमा काढला नसेल तर हरवल्यावर भरपाईही नावालाच मिळते.

गिरणा_डावा_कालवा
सिरियल नंबर व्हिडिओत असताना बदलून कसं पाठवेल?

चाळीसगाव_फाटा
पाठवतो. मग तुम्ही भांडत बसा. सोमवारी त्याला पुण्याला जायचंय, भांडायला वेळ कुठे आहे?

केळीबाग_रावेर
एक विचारतो, उन्हाळ्यात संगणक कूलरसमोर ठेवलेला चालतो का? दुपारी खोलीत ४० च्या वर जातं, कार्ड ८३ दाखवतं.

दुरुस्ती_जळगाव
कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा दमट, त्यात आपल्याकडची धूळ. पंख्याच्या पात्यांवर चिखलासारखा थर बसतो. या महिन्यात असे ३ कॅबिनेट साफ केले. ३०६० ची कमाल मर्यादा ९३ अंश आहे, ८३ ला काही बिघडत नाही. बोरीकाठ, बिलाचं राहिलं.

बोरीकाठ
मीच जुनं घेतलं होतं, पुण्याच्या एका मुलाकडून, २०२२ च्या दिवाळीत. बिल त्यानेच दिलं नव्हतं. हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं का? सांगितलं की लगेच "मायनिंगचं आहे", म्हणजे क्रिप्टो कमवायला रात्रंदिवस पिळलेलं आहे, म्हणतील.

दुरुस्ती_जळगाव
सांगायलाच हवं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि त्यानंतर बाजारात ढिगाने कार्डं आली. तुमचं त्याच दिवाळीतलं, म्हणजे शंका येणारच. मायनिंग झालं असेलही. पण त्यानंतर तुमच्याकडे इतकी वर्षं नीट चाललं, ही तुमची बाजू आहे आणि ती तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. लपवून १७ घेण्यापेक्षा सांगून १५ घ्या. लपवलं तर उद्या तो पोरगा तुमच्या नावाने असाच धागा काढेल.

माझं ऐका. गिऱ्हाइकाला जळगावला बोलवा, माझ्या टेबलवर ६५० वॅटच्या पॉवर सप्लायवर लावू. फर्मार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) १५ मिनिटं, नंतर त्याला हवा तो गेम. घरी बोलावू नका आणि त्याच्या घरी जाऊ नका. मागे एकाने कार्ड नेलं, घरच्या ४०० वॅटच्या जुन्या सप्लायवर लावलं, संगणक बंद पडायला लागला आणि विकणाऱ्याशी महिनाभर वाद घातला. या कार्डाला किमान ५५० वॅटचा सप्लाय सांगितलेला आहे.

गिरणा_डावा_कालवा
फर्मार्क नको. खऱ्या वापरात येत नाही इतका ताण तो देतो. सुपरपोझिशन ही चाचणी चालवा.

दुरुस्ती_जळगाव
जुन्या कार्डाला १५ मिनिटं तो ताण सोसला पाहिजे. चिपची उष्णता बाहेर काढणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर तिथेच कळतं.

गिरणा_डावा_कालवा
आणि या उन्हात विकणाऱ्याचं कार्ड गेलं तर भरून कोण देणार?

बोरीकाठ (शुक्रवार, संध्याकाळी ६:१०)
जाहिरात बदलली. १२ जीबी लिहिलं, जीपीयू-झेडचा फोटो टाकला, "मीसुद्धा जुनं घेतलं होतं, बिल नाही, वॉरंटी नाही" असं स्पष्ट लिहिलं. किंमत १६,०००. दोन तासांत तिघांचे फोन आले आणि तिघांनीही नीट प्रश्न विचारले. पाचोऱ्याचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा उद्या जळगावला यायला तयार आहे. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, आधारही लॉक केलं.

तापीवरचा
पावती लिहून घ्या. साधा कागद चालेल. दोघांची नावं, कार्डाचा सिरियल नंबर, रक्कम, तारीख, "तपासून, चालू स्थितीत, जसं आहे तसं घेतलं", दोघांच्या सह्या. दोन प्रती करा.

बोरीकाठ (शनिवार, रात्री ८:२५)
झालं. सकाळच्या गाडीने गेलो. दुरुस्तीवाल्या दादांच्या टेबलवर आधी सुपरपोझिशन लावलं, मग त्या मुलानेच फर्मार्क मागितलं. खोलीत ४१, कार्ड ८१ वर स्थिर राहिलं. मुलगा १५,००० वर अडला, १५,५०० ला ठरलं. पैसे द्यायच्या वेळी बघतो तर त्याचं यूपीआय वडिलांच्या खात्याचं, नाव वडिलांचं. तापीवरचा यांचं लिहिलेलं डोळ्यासमोर आलं. त्याला समजावून सांगितलं, तो चिडला नाही. चुलत भाऊ जळगावातच राहतो, त्याच्याकडून रोख घेतली. मशीनवर गेलो, दोन नोटा मशीनने परत टाकल्या, त्या त्याने बदलून दिल्या. खात्यात दिसल्यावर कार्ड दिलं. पावतीच्या दोन प्रती केल्या. दादांनी तपासणीचे २०० घेतले, ते आम्ही निम्मे निम्मे दिले.

पांझरा
बेस झाये भाऊ.

दुरुस्ती_जळगाव
पोराच्या घरी ४५० चा सप्लाय आहे. बदलल्याशिवाय कार्ड लावू नको म्हणून बजावलंय.

बोरीकाठ
तापीवरचा, तुमचा होल्ड निघाला का?

तापीवरचा
नाही अजून. मोबाईल विकल्याची पावती तेव्हा केली नव्हती, तेच विचारतात. मंगळवारी परत बोलावलंय.