देवाची शिस्त आणि न्याय : विश्वासी जीवनातले आपापले अनुभव

काल उपासनेत इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा 12वा अध्याय वाचला गेला. प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्तही लावतो, हे कानावर पडताच मला आईच्या आजारपणाचे दिवस आठवले. आई आयुष्यभर प्रार्थनेत जगलेली. तिला अर्धांगवायू झाला तेव्हा भेटायला आलेल्या एका विश्वासी नातेवाइकांनी तिच्या उशाशी बसून, देवापुढे कबूल करायचे काही राहिले आहे का ते आठवून पाहा, असे तिला सांगितले. तिची वाचा गेली होती. ती नुसती रडत राहिली. त्या बोलण्याचा राग माझ्या मनात फार काळ धुमसत होता. पुढे तिला थोडे बोलता येऊ लागले तेव्हा ती म्हणाली, की प्रश्न खोटा नव्हता, पण तो विचारण्याचा अधिकार देवाचा होता आणि देवाने तो तिला आधीच विचारला होता. तिने काय उत्तर दिले ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, असे रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायाच्या आरंभीच लिहिले आहे. मग विश्वासणाऱ्याला जी शिस्त लागते ती कोणती, आणि ती आपण कशी ओळखली? ज्यांना सांगावेसे वाटेल त्यांनी अवश्य लिहावे.

*

ताई, वाचून फार वाईट वाटले. शिलोहातला बुरूज पडून जे 18 जण मेले ते इतरांपेक्षा अधिक पापी होते असे समजू नका, असे प्रभूने स्वतः सांगितले आहे, आणि जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले तेव्हाही त्याने पाप कोणाचे हा हिशेब मांडू दिला नाही. संकटे कोसळलेल्या ईयोबाला भेटायला आलेले त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तेवढेच त्यांचे सांत्वन खरे होते, असे मला नेहमी वाटते.

*

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरी दुसरी बाजूही मांडतो, कारण कोणत्याच दुःखाला शिस्त म्हणायचे नाही असे ठरवले तर पवित्र शास्त्रातला मोठा भाग आपल्याला गाळावा लागेल. माझ्या वडिलांनी दारू सोडली, बाप्तिस्मा घेतला आणि उरलेले आयुष्य मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवेत घालवले. पण त्यांचे यकृत आधीच खराब झाले होते आणि शेवटची वर्षे त्यांनी यातनेत काढली. ते वारंवार 2 शमुवेलचा 12वा अध्याय काढायला सांगत. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारवले, त्यानंतर नाथान संदेष्टा त्याला म्हणतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस, आणि त्याच दमात तिच्यापासून झालेले बाळ मरेल असेही सांगतो. क्षमा झाली आणि परिणाम राहिला, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे वडिलांना तिथे दिसत होते. त्यांना अधिक धीर पुढच्या वचनांतून मिळे: बाळ सातव्या दिवशी गेले, तेव्हा दावीद भुईवरून उठला, स्नान केले आणि परमेश्वराच्या मंदिरात जाऊन त्याने आराधना केली. वडीलही अंगात त्राण असेपर्यंत उपासना चुकवत नसत. आपला आजार म्हणजे देवाने धरलेला दावा आहे असे ते कधी म्हणाले नाहीत. या आजारात देव मला घडवतो आहे, असे मात्र म्हणत, आणि ते त्यांनी स्वतःविषयी म्हटले म्हणूनच मला ते मान्य झाले.

*

दादा, तुमच्या वडिलांची साक्ष मनाला भिडली. माझी अडचण मात्र उलटी आहे. मी लहानपणापासून विश्वासात वाढले, आणि साधा ताप आला, परीक्षेत कमी गुण पडले, कोणी अबोला धरला, तरी देव कशाची तरी शिक्षा देत आहे असे मला वाटते. कशाची, ते कळत नाही. मग मी सगळ्याचीच क्षमा मागते आणि तरीही शांती मिळत नाही. असे आणखी कोणाला होते का?

*

बाळा, मला होत असे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. नाथान दावीदाकडे आला तो अस्पष्ट भीती घेऊन आला नाही. त्याने श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगितली, मग तो मनुष्य तूच आहेस असे तोंडावर सांगितले आणि उरीयाचे नावही घेतले. प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीया शहराच्या मंडळीलाही प्रभू ती कोमट आहे असे नेमके सांगतो, त्यानंतर ज्यांच्यावर मी प्रीती करतो त्यांना शिस्त लावतो म्हणतो, आणि लगेच दाराशी उभा राहून ठोकतो. देव दोष दाखवतो तेव्हा तो दोष ओळखता येतो आणि परतण्याची वाटही त्याच ठिकाणी असते, हे मला वर्षानुवर्षांच्या धडपडीनंतर उमगले. ज्या भीतीला नाव नाही, जी कबुलीनंतरही हटत नाही, तिला मी देवाचा आवाज मानत नाही. तुझ्या पाळकांशी किंवा एखाद्या समंजस वडीलधाऱ्या बहिणीशी मोकळेपणाने बोल, आणि झोप उडत असेल तर डॉक्टरांनाही भेट. त्यात विश्वासाची कमतरता नाही.

*

न्यायाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझे आजोबा पाळक होते. उतारवयात त्यांना नरकाचे भय नव्हते, पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा 3रा अध्याय ते फार गंभीरपणे घेत: पाया ख्रिस्तच आहे, त्यावर कोणी सोने, रुपे, मोलवान पाषाण, तर कोणी लाकूड, गवत, पेंढा यांनी बांधतो, आणि अग्नी प्रत्येकाचे काम पारखील. ज्याचे काम जळेल तो स्वतः तरेल, पण जणू अग्नीतून. लोकांनी वाहवा केलेले कितीतरी उपदेश त्या दिवशी टिकणार नाहीत, असे ते मला म्हणाले होते. त्यानंतर ते आजाऱ्यांच्या भेटी अधिक घेऊ लागले आणि व्यासपीठावर बोलण्याची आमंत्रणे नाकारू लागले. ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहायचे आहे ही जाणीव माणसाला किती नम्र करू शकते, ते मी त्यांच्यात पाहिले.

*

माझा अनुभव मंडळीच्या शिस्तीचा आहे. माझ्या भावाला एका गंभीर गोष्टीवरून प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवण्यात आले. तो निर्णय योग्यच होता. मत्तयाच्या 18व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आधी एकांतात, मग साक्षीदारांसह बोलणेही झाले होते. पण त्याने पश्चात्ताप केल्यानंतर कोणी त्याच्या दारात गेले नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात पौल सांगतो की अशा मनुष्याला झालेली शिक्षा पुरे आहे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखाने बुडून जाईल. शिस्तीचा पहिला अर्धा भाग आमच्या वडीलजनांनी पाळला आणि दुसरा राहून गेला, याचे मला फार दुःख आहे.

*

दादा, तुमचे भाऊ आता मंडळीत येतात का?

*

नाही ताई, अजून नाही. तो घरी शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो. गेल्या महिन्यात एक वडीलजन पहिल्यांदाच त्याच्याकडे आले आणि बराच वेळ बसले. पुढच्या रविवारी त्यांच्यासोबत यायचे की नाही याचा तो विचार करतो आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, ही सर्वांना विनंती.