दुकानात पाणी शिरलं तेव्हा: बडोदेकर धंदेवाल्यांनो, अनुभव लिहा

भाजणीवाली, अकोटा
२०२४ च्या गोकुळाष्टमीला पाऊस कोसळत होता तेव्हा मी निवांत होते. पाणी आलं ते पाऊस ओसरल्यावर. वरचं सगळं पाणी घेऊन विश्वामित्री नदी फुगली, ३७ फुटांच्या आसपास गेली. गणपती अकरा दिवसांवर, मोदकाच्या पिठाची ९० किलोंची ऑर्डर तयार. पोती चार-चार विटांवर चढवली आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

तीन दिवसांनी शटर उघडलं, तर डीप फ्रीझर आडवा होऊन काउंटरवर बसलेला. फ्रीझर तरंगतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! खोलीभर फिरून त्यानं भिंतीवरचं रॅक पाडलं, म्हणजे जे पाण्यातून वाचलं असतं तेही गेलं. आता जून लागला की फ्रीझर दोरानं भिंतीतल्या हुकांना बांधते, आणि आभाळाकडे न बघता नदीच्या वरच्या अंगाच्या आजवा धरणाची पातळी आणि नदी जिथून येते त्या पावागडकडचा पाऊस बघते.

तुमचं काय गेलं, काय वाचलं?

छापखाना, समा
कागद गेला. ओला कागद फुगतो किती, ते बघायला हवं होतं तुम्ही. खालच्या खणातली रिमं इतकी फुगली की लोखंडी रॅकचे पत्रे वाकले, एकही रीम ओढून निघेना.

पण खरा मूर्खपणा नंतरचा. वास सुटला म्हणून चिखलासकट सगळं बाहेर फेकलं, आणि चौथ्या दिवशी विम्याचा सर्व्हेअर आला. म्हणाला, "काका, माल कुठंय?" हातात फोटो दोनच, तेही पुतण्यानं गंमत म्हणून काढलेले. जीएसटीची खरेदी बिलं ऑनलाइन होती म्हणून निम्म्यावर निभावलं. फेकायचंच असेल तर आधी व्हिडिओ काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट. विमा कंपनीला कळवा, थोडा माल नमुन्याला ठेवा. आणि पॉलिसीत पूर आहे ना, ते आज वाचा. माझ्यात होता, पण मला ते पूर आल्यावर कळलं.

शिवणकामवाली, कारेलीबाग
तुमचा माल तुमचा होता हो. माझ्याकडे चाळीसेक गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस, त्यात दोन लग्नाच्या पैठण्या फॉल-पिकोला आलेल्या. विमेवाला म्हणाला, दुसऱ्याचा माल पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा लागतो. तो लिहिलेला नव्हता.

कापड धुऊन बरंचसं निघालं. निघाली नाहीत ती नावं. चिठ्ठ्यांवरची शाई विरघळली आणि माझ्यासमोर चाळीस निनावी गाठोडी! बायका येऊन आपापलं ओळखून घेऊन गेल्या. एका हिरव्या खणावर दोघींनी हक्क सांगितला, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. आता नंबर कापडाच्या पट्टीवर दोऱ्यानं टाचते, आणि मापाच्या वहीचे फोटो दर शनिवारी मुलीच्या फोनवर जातात. पैठण्या माळ्यावर.

मोटार-वाइंडिंग
थोडक्यात सांगतो. पाणी ओसरलं की लगेच मेन चालू करू नका. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या कितीतरी मोटारी पाण्यानं नव्हत्या गेलेल्या, ओल्या असतानाच बटण दाबल्यानं जळल्या होत्या. उघडायची, गोड्या पाण्यानं धुवायची, नीट वाळवायची, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघायची, मगच सुरू. आणि शटर वर करताना आधी काठी आपटा. माझ्या गल्लीत मगर निघाली होती, लहान होती, पण मगरच.

छापखाना, समा
काठीचं खरंय. २०१९ ला, ३१ जुलैच्या त्या ५०० मिलिमीटरच्या पावसानंतर, आमच्या सोसायटीतही निघाली होती. तरी मी मशीन तळमजल्यावरच ठेवलं. भाडं कमी होतं ना!

भाजणीवाली, अकोटा
ताई, वहीच्या फोटोचं आजपासून सुरू करते. माझी उधारीची वही लगदा झाली होती. गिऱ्हाइकांनी आपापली बाकी आठवून पैसे आणून दिले, काहींनी तर माझ्या अंदाजापेक्षा जास्तच. एक सोडून. तो रोज दुकानासमोरून जातो आणि "मोदकाचं पीठ आलं का?" विचारतो.